बोटांची वहिवाट

प्रोग्रामर दिवसभर कोड लिहितो असं बाहेरून वाटतं. खरं तर कोऱ्या फाईलवर नवं काही लिहिण्याचा वेळ त्यात थोडाच असतो. बाकीचा दिवस जातो वाचण्यात, शोधण्यात आणि आधीच असलेलं बदलण्यात. एखाद्या फंक्शनचं (म्हणजे नाव देऊन पुन्हापुन्हा वापरायच्या कोडच्या तुकड्याचं) नाव बदललं की ते जिथे जिथे वापरलंय तिथे जायचं. यादीतल्या प्रत्येक नावाला अवतरणचिन्हं लावायची. या फाईलमधला तुकडा त्या फाईलमध्ये न्यायचा, कंस जुळवायचे, एक स्वल्पविराम टाकायचा, दुसरा काढायचा. कोड एडिटर हे लिहिण्यापेक्षा बदलण्याचं हत्यार आहे, आणि ते आपल्या हाताला बसवून घेणं हा मला या कामातला मोठा आनंद वाटतो. भाषा, फ्रेमवर्क, पगार, मुलाखती यांवर आम्ही मंडळी तासन्‌तास बोलतो. हातांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

माझा रोजचा एडिटर व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली आणला. त्याआधी मी सब्लाइम टेक्स्टवर होते, आणि सर्व्हरवर शिरून काही दुरुस्त करायची वेळ आली की अजूनही विम उघडते. या तिघांनी माझ्या बोटांना वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी या एडिटरांहून जुन्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्या अधिक आवडायला लागल्या.

विम पहिल्यांदा उघडणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न पडतो की याच्या आज्ञा इतक्या तोकड्या का. त्यात लिहायची अवस्था वेगळी आणि आज्ञा द्यायची वेगळी, एस्केप दाबून आज्ञांकडे परतायचं. तिथे एक अक्षर दाबलं की शब्द ओलांडला जातो, दोन अक्षरांत ओळ उडते. याचं उत्तर विमच्या पूर्वजात, म्हणजे व्हीआयमध्ये आहे. बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमारास बर्कलीमध्ये लिहिला, तेव्हा घरून काम करायला त्यांच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरं असा पडदा पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागणार. अशा वेळी माणूस डोक्यात आधी ठरवतो की नेमकं काय बदलायचंय, आणि मग कमीत कमी अक्षरांत ते सांगतो. त्यांच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या यंत्रावर, बाणांची वेगळी बटणं नव्हती. बाण एच, जे, के आणि एल या बटणांवरच छापलेले होते. एस्केपचं बटण आज टॅब असतं तिथे होतं आणि कंट्रोल आज कॅप्स लॉक असतं तिथे. आज विम वापरताना एस्केपसाठी करंगळी कोपऱ्यापर्यंत ताणावी लागते, ती आज्ञा रचणाऱ्याची चूक नाही. बटणं नंतर सरकली, आज्ञा तिथेच राहिल्या. हे वाचल्यावर मी माझ्या कीबोर्डवरचं कॅप्स लॉक कंट्रोलला देऊन टाकलं. मोठी अक्षरं सलग लिहायची गरज मला जवळजवळ कधीच पडत नाही, आणि मराठी लिहिताना तर मोठी-छोटी अक्षरं हा प्रकारच नाही. डाव्या मनगटाला त्या एका बदलाने जो आराम मिळाला तो कुठल्याही महागड्या खुर्चीने दिला नव्हता.

विमच्या आज्ञांत व्याकरण आहे, हे त्याचं खरं सौंदर्य. आधी क्रियापद, मग कर्म. ‘बदल’ म्हणायला सी, ‘आतलं’ म्हणायला आय, आणि त्यानंतर अवतरणचिन्ह. तीन बटणांत अवतरणांच्या आतला सगळा मजकूर जातो आणि नवा लिहायची जागा तयार होते. मग टिंब दाबलं की तोच बदल पुढच्या जागी पुन्हा. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांना मात्र अशा अवस्था बदलणाऱ्या यंत्रणा मुळीच पसंत नव्हत्या. एकच बटण कधी अक्षर उमटवतं आणि कधी ओळ पुसतं, यात साधा माणूस गोंधळतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरही तेच लिहिलेलं असे, ‘नो मोड्स’. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी जिप्सी नावाचा एडिटर केला आणि आज आपण ज्याला कट-कॉपी-पेस्ट म्हणतो त्याला आकार दिला. टेस्लर २०२० मध्ये गेले. जगात कुणीही कुठेही कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही दाबतो तेव्हा त्यांचा विचार वापरत असतो. माझ्या हातात जॉय आणि टेस्लर या दोघांचीही परंपरा आहे, आणि मला त्यांत निवड करावीशी वाटत नाही. सर्व्हरवर मला विमचं व्याकरण हवं असतं. रोजच्या कामात निवडलेला मजकूर डोळ्यांसमोर ठळक दिसलेला हवा असतो.

या ‘दिसण्या’वरच एकापेक्षा जास्त कर्सरांची सगळी मजा आहे.

एक खरं काम सांगते. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची यादी एका अर्जात घालायची होती. सरकारी तक्त्यावरून उचललेल्या ३६ ओळी: अनुक्रमांक, जिल्हा, मुख्यालय. कोडमध्ये त्या अवतरणचिन्हांसकट, स्वल्पविरामांसकट हव्या होत्या. हाताने केलं असतं तर झालंच असतं, छत्तीस ओळी म्हणजे काही डोंगर नव्हे. पण हाताने करताना अठराव्या ओळीला लक्ष उडतं, एक अवतरणचिन्ह राहतं आणि मग दुपारभर त्याला शोधत बसायचं. मी सगळ्या ओळी निवडून शिफ्ट-ऑल्ट-आय दाबलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक कर्सर उभा राहिला. आता जे टाईप करीन ते छत्तीस ठिकाणी उमटणार.

नवशिक्या माणसाची इथे पहिली अडचण होते. ओळी सारख्या लांबीच्या नसतात. बाणाने एकेक अक्षर मागे सरकलं तर लगेच कर्सर विस्कटतात, कारण ‘पुणे’ आणि ‘सिंधुदुर्ग’ यांत अंतर वेगळं. मग शब्दाच्या उडीने जावं, तर बहुतेक जिल्ह्यांना ते चालतं, पण ‘मुंबई शहर’ आणि ‘मुंबई उपनगर’ यांच्या नावांत दोन दोन शब्द. तिथे उडी चुकते. अशा वेळी डोळ्यांना एक वेगळी सवय लावावी लागते: प्रत्येक ओळीत हमखास सारखी असणारी गोष्ट कोणती? इथे ती होती रकान्यांमधली टॅबची मोकळी जागा. एक टॅब निवडला, कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं, आणि फाईलमधला प्रत्येक टॅब निवडला गेला. त्याच्या जागी अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, पुन्हा अवतरणचिन्ह. होम बटणाने सगळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला येतात, मग अनुक्रमांक एक आकडी असो की दोन आकडी, तो एक शब्दच; एका उडीत निवडला आणि पुसला. अनेक कर्सर वापरायला शिकणं म्हणजे बटणं पाठ करणं नव्हे. विस्कळीत मजकुरात न बदलणारी खूण कोणती ते हेरणं, हे त्यातलं कौशल्य. ते एकदा आलं की पुढे नियमित पदावल्या (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) लिहिताना, डेटा साफ करताना, अगदी प्रोग्रामची रचना करतानाही उपयोगी पडतं.

आणखी एक सोय, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि जी सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारणीला बोलावलं होतं. कॉपी केलेल्या मजकुरात जितक्या ओळी, तितकेच कर्सर असतील, तर पेस्ट करताना प्रत्येक कर्सरला आपापली ओळ मिळते. म्हणजे मराठी नावांचा रकाना एका फाईलमधून उचलायचा आणि दुसऱ्या फाईलमधल्या रोमन नावांच्या शेजारी एका झटक्यात बसवायचा. स्प्रेडशीट उघडायची गरज उरत नाही.

त्याच प्रकल्पात पुढे नावं बदलण्याचं काम आलं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा महाराष्ट्रातल्या असंख्य अर्जांत, अहवालांत, डेटाबेसांत हा बदल कुणीतरी बसून केला असणार. ‘सगळीकडे शोधा आणि बदला’ हे बटण अशा वेळी फार मोहात पाडतं. पण औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, आणि आमच्या फाईलींत देशभरातल्या कॉलेजांचे पत्तेही होते. जुन्या दाखल्यांवर छापलेलं नाव जुनंच राहायला हवं होतं. शिवाय कोडमध्ये एक नाव माणसांना दिसण्यासाठी असतं आणि एक आतल्या ओळखीसाठी, डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी ज्याला बांधलेल्या असतात. दिसणारं नाव बदलायचं. आतलं बदललं तर जुन्या नोंदी पोरक्या होतात. इथे कंट्रोल-डी कामी येतो. एकदा दाबला की कर्सरखालचा शब्द निवडला जातो, पुन्हा दाबला की पुढचा तसाच शब्द, पुन्हा दाबला की त्याच्या पुढचा. मधला एखादा नको असेल तर कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-डी, तो सोडून पुढे. जास्तच झालं तर कंट्रोल-यू, शेवटचा कर्सर मागे. प्रत्येक जागा डोळ्यांखालून जाते, प्रत्येक ठिकाणी मी हो किंवा नाही म्हणते, आणि लिहायचं मात्र एकदाच. यंत्राचा वेग आणि माणसाची पारख इतकी छान एकत्र आलेली मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

व्हेरिएबलचं (कोडमध्ये एखादं मूल्य ठेवायच्या जागेचं) नाव बदलायचं असेल तर मात्र मी अनेक कर्सर वापरत नाही, एफ-२ वापरते. एफ-२ ला कोडचा अर्थ कळतो. त्या फंक्शनमधला ‘एकूण’ आणि या फंक्शनमधला ‘एकूण’ हे दोन वेगळे आहेत हे त्याला ठाऊक असतं. कर्सरांना फक्त अक्षरं दिसतात.

अक्षरांचा विषय निघाला आहे तर मराठीबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी मजकुरावर काम करताना एडिटरच्या या सगळ्या सोयींची परीक्षा होते. ‘पुणे’ निवडून कंट्रोल-डी दाबत गेलं तर ‘पुण्यात’, ‘पुण्याचा’, ‘पुण्याहून’ यांतलं एकही सापडत नाही. आपल्या नामाचं सामान्यरूप होतं आणि शब्दाचं अंगच बदलतं. ‘नाशिक’ला ही अडचण नाही, ‘नाशिकला’ आणि ‘नाशिकचा’ दोन्हींत नाशिक शाबूत असतं. ‘सातारा’ पुन्हा फसवतो, ‘साताऱ्यात’ होतो. आणि तिथे आणखी खोल खड्डा आहे. ‘साताऱ्यात’मधला तो अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा आडवा काढतो, संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तऱ्हा म्हणजे नुक्ता असलेला वेगळा ऱ, हलन्त आणि य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शोधताना मात्र एक दुसऱ्याला ओळखत नाही. कुणी फोनवर लिहिलं, कुणी जुन्या फॉण्टमधून रूपांतर करून आणलं, की एकाच फाईलमध्ये दोन्ही तऱ्हा नांदतात. ‘दऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, सगळ्यांची हीच गत. सरकारी योजनांच्या मजकुरात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको. मी आता मराठीची कुठलीही नवी फाईल हातात आली की आधी दुसरी तऱ्हा शोधते, सगळ्या जागा एकदम निवडते आणि पहिल्या तऱ्हेत आणते. या कामासाठी कंट्रोल-के नंतरचा एक शॉर्टकट राखून ठेवलाय.

मराठीत एक गंमतही आहे. व्हीएस कोडमध्ये ‘ची’ या अक्षराच्या मागून बॅकस्पेस दाबला तर फक्त वेलांटी जाते, च तसाच राहतो. पुढून डिलीट दाबला तर दोन्ही एकदम जातात. लोक याला दोष समजतात. मला तर हे वरदान वाटतं. वीस लेबलांत ‘अर्जदाराची’चं ‘अर्जदाराचा’ करायचं असेल तर वीस कर्सर, एक बॅकस्पेस, एक काना. प्रत्ययांच्या भाषेला साजेशी सोय आहे ही.

विममध्ये मराठीची वेगळीच पंचाईत. कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असेल आणि आज्ञा द्यायच्या अवस्थेत असाल, तर एच, जे, के, एल दाबल्यावर एडिटरकडे प, र, क, त पोचतात आणि कर्सर ढिम्म हलत नाही. प्रत्येक वेळी भाषा बदला, आज्ञा द्या, परत भाषा बदला. त्यावर विममध्येच दोन उपाय आहेत. लँगमॅप नावाची सेटिंग प ला एच समजायला शिकवते. कीमॅप नावाची सेटिंग उलट बाजूने जाते, कीबोर्ड इंग्रजीतच ठेवते आणि फक्त लिहिण्याच्या अवस्थेत देवनागरी उमटवते. मला दुसरा मार्ग रुचला, कारण आज्ञा आणि मजकूर यांच्या दोन भाषा वेगळ्या राहतात. विम ज्यांनी बनवला आणि तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला ते ब्रॅम मूलेनार डच होते. त्यांचं २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन झालं. विम कुणीही फुकट वापरावा, पण जमलं तर युगांडातल्या मुलांसाठी मदत पाठवावी, एवढीच विनंती तो उघडताना पडद्यावर दिसते. त्या हॉलंडच्या माणसाच्या एडिटरमध्ये मी धाराशिवचा पत्ता नीट लिहू शकते, या गोष्टीचं मला अजूनही अप्रूप आहे.

स्निपेटांकडे वळते. थोडी अक्षरं लिहून टॅब दाबायचा आणि त्या जागी पूर्ण तुकडा उलगडायचा, ही कल्पना आज कुठल्याही एडिटरमध्ये मिळते. तिला आजचं रूप दिलं ते टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरने, २००४ मध्ये. ॲलन ओडगार्ड यांचा तो एडिटर फार देखणा होता. तुकड्यात डॉलरचं चिन्ह आणि आकडा लिहायचा, की टॅब दाबत त्या त्या जागी थांबता येतं. शून्य म्हणजे शेवटचा थांबा. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला तर एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे आपोआप उमटतं, म्हणजे अनेक कर्सर आधीच पेरून ठेवल्यासारखं. ही सगळी चिन्हं व्हीएस कोडने जवळजवळ जशीच्या तशी घेतली. इतकी, की फाईलचं नाव आणून देणाऱ्या शब्दाच्या सुरुवातीला अजून ‘टीएम’ ही अक्षरं आहेत. टेक्स्टमेट कधीही न पाहिलेली मुलं रोज त्याचं नाव लिहीत असतात.

आपल्याकडे पत्रांची अशीच पद्धत होती. ‘सा. न. वि. वि.’ एवढं लिहिलं की ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ झालं. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. माझ्या आजोबांच्या पोस्टकार्डांत मायन्यापासून ‘लोभ असावा’पर्यंतची सगळी चौकट अशी ठरलेली असे आणि मधल्या चार ओळींत खरी बातमी. पण त्या पत्रांत आणि स्निपेटमध्ये एक मोठा फरक आहे, आणि त्याचा मी पुष्कळ विचार केलाय. पत्रात लिहिणारा थोडक्यात लिही आणि वाचणारा मनात उलगडत असे. दोघांचेही कष्ट वाचत. स्निपेट मात्र लिहितानाच उलगडतो. मी चार अक्षरं लिहिली, पण वाचणाऱ्यापुढे वीस ओळी आल्या. माझे कष्ट वाचले, त्याचे वाढले. आणि कोड एकदा लिहिला जातो, पण वाचला जातो कितीतरी वेळा.

म्हणून स्निपेट जपून करावेत असं मला मनापासून वाटतं. एका प्रकल्पात चूक हाताळण्याचा एक चांगला तुकडा सगळ्यांनी स्निपेट म्हणून घेतला होता. पुढे ठरलं की झालेल्या चुकांची नोंद वेगळ्या ठिकाणी करायची. स्निपेट दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम, पण त्यातून आधी उगवलेल्या शेकडो प्रती जिथल्या तिथे जुन्याच. स्निपेट आपल्या प्रतींना ओळखत नाही. फंक्शन केलं असतं तर एका जागी बदललं की सगळीकडे बदललं असतं. तेव्हापासून मी स्निपेट लिहायला घेतला की आधी विचारते: हा तुकडा सगळीकडे सारखाच असणार असेल, तर तो फंक्शन का नाही? ज्यात दर वेळी मधलं काहीतरी खरोखर वेगळं असतं, चौकट तेवढी सारखी असते, तिथेच स्निपेट. चाचण्यांची चौकट, नव्या घटकाची फाईल, वर्ष आपोआप घालणारा परवान्याचा मथळा. आजोबांच्या पोस्टकार्डासारखं, मधल्या चार ओळी माझ्या.

ऑफिसातली एक नवी मुलगी परवा म्हणाली, “ताई, तुझी शॉर्टकटांची फाईल पाठव ना, मी तशीच टाकते.” मी पाठवली. पण म्हटलं, “आठवडाभर ती लावू नकोस. आधी स्वतःच्या हातांकडे बघ. कुठल्या कामाला हात माऊसकडे जातो, कुठे चिडचिड होते, ते टिपून ठेव.” दुसऱ्याच्या हाताला बसलेली गोष्ट आपल्या हाताला बसतेच असं नाही. याचं एक जुनं उदाहरण फार बोलकं आहे. १९७० च्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर होता. त्यात प्रत्येक जण आपापले मॅक्रो, म्हणजे एका बटणाला बांधलेले आज्ञांचे संच, लिहून आपल्या सोयीचा एडिटर बनवायचा. पुढे अशी वेळ आली की एकाच्या जागेवर बसून दुसऱ्याला साधं काम करता येईना, कारण तेच बटण प्रत्येकाकडे वेगळं काही करत होतं. गाय स्टील यांनी ते वेगवेगळे संच एकत्र आणायला सुरुवात केली, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पूर्णत्वाला नेलं आणि १९७६ मध्ये ईमॅक्स तयार झाला. म्हणजे मनासारखं वाकवता येण्याबद्दल जो एडिटर सगळ्यात प्रसिद्ध आहे, तो जन्मला सगळ्यांचं एक करण्याच्या गरजेतून.

हे लक्षात ठेवून मी मूळ शॉर्टकट शक्यतो बदलत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर बसून त्याची अडचण सोडवताना माझे हात परके होता कामा नयेत. मी भर घालते ती मोकळ्या जागी. कंट्रोल-के नंतर दुसरं बटण दाबायची जी पद्धत आहे, तिथे अजून पुष्कळ रान मोकळं आहे. आणि ‘कधी’ची अट घालते. व्हीएस कोडमध्ये प्रत्येक शॉर्टकटला सांगता येतं की तो कोणत्या परिस्थितीत चालावा. त्यामुळे एकच बटण कोडमध्ये असताना मला टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या चौकटीकडे, नेतं आणि टर्मिनलमध्ये असताना कोडकडे परत आणतं. दिवसभरात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माझं बटण बहुधा तेच. आमच्या गटाला सगळ्यांना लागणारे स्निपेट प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवलेत, म्हणजे कोडबरोबर तेही सगळ्यांकडे पोचतात आणि कुणी बदलले तर तो बदल इतर कोडसारखाच तपासला जातो. माझ्या खासगी सवयी माझ्याजवळ.

त्या मुलीने खरंच आठवडाभर टिपणं काढली. तिची यादी माझ्यापेक्षा अगदी वेगळी निघाली. तिला ओळ वरखाली सरकवायला सारखं लागत होतं, आणि त्यासाठी ऑल्ट आणि बाण हे आधीपासून एडिटरमध्ये आहे हे तिला माहीतच नव्हतं. नवा शॉर्टकट करायची गरजच पडली नाही. तिची दुसरी अडचण मनगटाची होती. करंगळीने कंट्रोल दाबून दाबून ते दुखत होतं. ईमॅक्सवाल्यांत हे दुखणं इतकं जुनं आहे की त्याला त्यांनी नावच दिलंय, ‘ईमॅक्सची करंगळी’. तिला मी कॅप्स लॉकची युक्ती सांगितली, आणि हेही सांगितलं की तेवढ्यावर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव. हातांच्या बाबतीत वेग ही दुय्यम गोष्ट आहे. शॉर्टकटने दिवसाकाठी काही मिनिटं वाचत असतील, पण मला त्याचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. विचाराचा धागा पकडलेला असताना हात मध्ये येत नाहीत. माऊस शोधणं, मेनू उघडणं, त्यात ओळ हुडकणं, एवढ्यात डोक्यातलं अर्धं वाक्य सुटून जातं.

अलीकडे एडिटरमध्ये एआय आलंय आणि ते करड्या अक्षरांत पुढच्या ओळी सुचवतं. टॅब दाबला की त्या स्वीकारल्या जातात. ते उपयोगी आहे, मी रोज वापरते. पण टॅब हे स्निपेटमधल्या थांब्यांवरून पुढे जायचंही बटण. स्निपेटच्या दुसऱ्या थांब्याकडे जायला निघावं आणि न वाचलेल्या सहा ओळी कोडमध्ये येऊन बसाव्यात, असं सारखं व्हायला लागलं. मी शॉर्टकटांच्या फाईलमध्ये जाऊन सूचना स्वीकारण्याचं काम टॅबकडून काढून घेतलं आणि दोन हात लागतील अशा एका जोडीला दिलं. ती जोडी मुद्दाम गैरसोयीची निवडली आहे. दोन्ही हात तिथे पोचेपर्यंत सुचवलेल्या ओळी वाचून होतात, आणि बऱ्याचदा मी हात मागे घेऊन त्या स्वतःच लिहिते.